न पिणाऱ्यांचा वॉर्ड

प्यायलेला माणूस दवाखान्याच्या पायरीवर असतानाच नर्सला कळतो. नाडी, रक्तदाब हे सगळं नंतर, आधी नाक. शिंदी घेतलेल्याच्या तोंडाला आंबूस वास येतो, हातभट्टीवाल्याच्या तोंडाला करपलेल्या गुळाचा वास असतो, आणि ‘थेंबही घेतला नाही सिस्टर’ असं शपथेवर सांगणाऱ्याच्या तोंडाला बडीशेपेचा. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांत माझी सारी नोकरी झाली, आणि या नाकानं मला कितीदा तरी तारलं. ज्या दिवशी नाकाला काहीच आलं नाही, त्या दिवसाबद्दल आज लिहितेय. दिवाळी अंकात नर्सनं दोन गमतीच्या गोष्टी सांगाव्यात अशी वाचकांची अपेक्षा असते, हे मला ठाऊक आहे. गंमत यातही आहे थोडी, पण मला अजून तिचं हसू येत नाही.

आधी आमच्या कामातलं थोडं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आपण ज्याला दारू किंवा स्पिरिट म्हणतो ते एकच द्रव्य नसतं. त्या घराण्यात बरेच भाऊ आहेत, आणि दिसायला सगळे सारखेच, पाण्यासारखे. किनवट तालुक्यात असताना आमच्याकडे एक रंगारी यायचा, दवाखान्याच्या भिंती रंगवायला. एक दिवस तो भिंतीला टेकूनच झोपला. मी नाक जवळ नेलं तर दारूचा वास नाही, नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा! पठ्ठ्यानं आमचं हात पुसायचं स्पिरिट ढोसलं होतं. त्या प्रकारच्या स्पिरिटचं शरीर आतल्या आत तेच नेलपॉलिशचं पाणी करतं आणि श्वासातून बाहेर टाकतं. दोन दिवस उलट्या करून तो बरा झाला आणि उरलेली भिंत रंगवून गेला. पोटात गेलेली वस्तू शरीर आहे तशी ठेवत नाही, तिचं दुसरंच काहीतरी करतं, हे मी तिथं पहिल्यांदा शिकले. पुढं जे पाहिलं त्यापुढं तो रंगारी म्हणजे खरंच गंमत होती.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत होत्या आणि पाट्यांचा रंग वाळायचा होता. कुठला कागद कुठल्या गावाला पाठवायचा यावर कारकुनांचं एकमत होत नव्हतं. मी अहमदपूर भागातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात होते. आमचा जिल्हा लातूर झाला होता, पण पेशंट सिरियस झाला की सवयीनं जीप नांदेडकडे वळायची. त्यात पावसानं पाठ फिरवलेली. विहिरी आटल्या, बोअरमधून वारा यायला लागला, आणि गावोगाव टँकरची वाट बघत घागरींच्या रांगा लागल्या.

दवाखान्यापासून जवळच एक खेडं होतं. त्याचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. त्या खेड्याच्या कडेला बौद्ध वस्ती, आणि वस्तीत गयाबाई. मी तिला मावशी म्हणायची. मीही बौद्ध घरातली, हिमायतनगरकडची, त्यामुळं पहिल्या ‘जयभीम’लाच आमचं जमलं होतं. वस्तीतल्या बाया बाळंतपणाला दवाखान्यात येऊ लागल्या त्या मावशीमुळं. विहारातली वंदना तीच घ्यायची. पंचशीलातलं पाचवं शील, मद्य न घेण्याचं, तिनं फार मनावर घेतलं होतं. तरुणपणी घरोघर जाऊन तिनं दारूची मडकी फोडली होती, आणि वस्तीतली बहुतेक माणसं तिच्या धाकानं नाहीतर मायेनं सुटली होती. जे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते, त्यांत तिचा नवरा कोंडिबा होता.

कोंडिबामामा स्वभावानं गरीब माणूस. पाठदुखीसाठी म्हणून सुरुवात केलेली, ती राहिलीच. संध्याकाळी घराकडे आला की मावशी दारातूनच विचारायची, “पिऊन आलाव का?” तो होकाराची मान डोलवायचा. “मग लिंबाखाली.” लिंबाखाली त्याची बाज कायम टाकलेली असायची. भाकरी मात्र ती स्वतः तिथं नेऊन द्यायची, गरम असतानाच.

टँकर गावात यायचा, गावाच्या विहिरीत रिकामा व्हायचा, आणि वस्तीला उरलंसुरलं मिळायचं. मावशीला ते सोसलं नाही. ती रिकामी घागर घेऊन नव्या कचेरीच्या दारात जाऊन बसली. नवा जिल्हा, नवा साहेब. त्यानं ऐकून घेतलं आणि वस्तीला वेगळा टँकर द्या असा हुकूम काढला. पण टँकर होते कुठं? ठेकेदारानं कुठून तरी एक मिळवून आणला. पहिल्यांदाच वस्तीनं मान वर करून घागरी भरल्या. मावशीनं टँकरला हळदकुंकू लावलं नाही, ती त्यातली नव्हती, पण ड्रायव्हरला चहा पाजला.

त्यानंतर दोन दिवसांनी, ऐन मे महिन्याच्या दुपारी, दवाखान्याच्या फाटकातून खांद्यावर उचललेल्या बाजा येताना दिसल्या. मी व्हरांड्यात उभी होते. आधी मला कळेना की यात चुकल्यासारखं काय वाटतंय. मग लक्षात आलं. बाजा उचलणारे सगळे वस्तीतले पिणारे होते, आणि बाजेवर निजलेले सगळे न पिणारे. एरवी उलटं असायचं. मागून काही जण चालत येत होते, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, तोंडं वर करून. रडणं नाही, ओरडणं नाही. एवढी माणसं आली आणि पायांचाच तेवढा आवाज.

सगळ्यात पुढं कोंडिबामामा, आणि बाजेवर मावशी.

“सिस्टर, हिला बघा. सकाळपास्नं म्हणून राहिली, धुकं पडलंय.”

“मे महिन्यात धुकं?”

“तेच म्हणलं मी. ऊन लख्ख पडलंय, म्हणलं. तर म्हणती, मग मला समदं पांढरं कामून दिसतंय?”

मी मावशीच्या डोळ्यांवर बॅटरी धरली. डोळ्यातली बाहुली उजेडात बारीक व्हायला हवी. तिची उघडी ती उघडीच राहिली, काळी आणि मोठी. पुढच्या बाजेवर तेच, त्याच्या पुढच्या बाजेवर तेच. वॉर्ड भरला तसा एक आवाज सुरू झाला. सगळ्यांचा श्वास एकाच वेळी खोल आणि जोरात चालला होता, धावून आल्यासारखा, आणि माणसं तर निजून होती. मी एकेकाच्या तोंडाशी नाक नेलं. काहीच वास नव्हता.

आमचे डॉक्टर बिराजदार, उदगीरकडचे. लिंगायत, गळ्यात लिंग, आणि व्यसन म्हणाल तर सुपारीचंही नाही. ते एका पेशंटकडून दुसऱ्याकडे गेले, परत फिरले आणि वॉर्डाच्या मधोमध उभे राहिले. मग त्यांनी विचित्र प्रश्न विचारला.

“वस्तीतलं कोण आजारी नाही?”

बाजा आणणारे एकमेकांकडे बघायला लागले. कोंडिबामामा पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, “आमीच साहेब. पिणारे.”

“टँकरचं पाणी तुम्ही घेतलं नाही?”

“घेतलं की. समद्यांनीच घेतलं. तेवढंच तर पाणी हाय.”

“आणि वरून?”

“वरून… रोजचं.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी वस्तीतून एक घागर मागवली, पाण्याचा वास घेतला आणि मला दिली. गोडसर, अगदी पुसट, आहे की नाही असा वास. त्या दिवसांत टँकरच्या पाण्याला डिझेलचा, गंजाचा, कसलाही वास असायचा, आणि तक्रार केली तर टँकरच बंद होईल या भीतीनं कोणी बोलायचं नाही. चौकशीला माणूस पाठवला तेव्हा कळलं. तो टँकर महिनाभर रंगाच्या एका कारखान्याचं स्पिरिट वाहत होता. टाकीच्या तळाशी उरलं होतं ते न काढताच वर पाणी भरलं होतं. वस्तीतल्या घागरी तेव्हाच रिकाम्या करायला सांगितल्या.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात उभ्या उभ्या जे समजावलं, ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपल्या यकृतात एक गिरणी आहे असं समजा. साधी दारू तिथं दळली जाते, तिचं आधी एक बनतं, मग दुसरं, आणि शेवटी पाणी होऊन जाते. हे रंगाचं स्पिरिट त्याच घराण्यातलं. जसंच्या तसं राहिलं तर ते फारसं काही करत नाही. पण तेही त्याच गिरणीत जातं, आणि दळून जे निघतं ते मुंगीच्या डंखातलं आम्ल. ते आधी डोळ्यांच्या नसांना धरतं. म्हणजे विष टँकरमध्ये नव्हतं. ते या माणसांनी पाणी पिऊन, जेवून, झोपून, स्वतःच्या अंगात तयार केलं होतं, आणि अजून करत होती. डॉक्टर हे सांगत असताना आतून तो श्वासांचा आवाज येत होता, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की ही गिरणी मला ऐकू येतेय.

“आणि पिणारे?” मी विचारलं.

“गिरणीत दोन्ही आलं तर ती आधी साधी दारू घेते. दारू चालू आहे तोवर दुसरं रांगेत उभं राहतं, आणि हळूहळू लघवीतून, श्वासातून निघून जातं. त्यांना दारूनं वाचवलं.” मग ते वॉर्डाकडे बघून म्हणाले, “यांनाही तीच द्यावी लागेल.”

ज्या माणसानं जन्मात दारूच्या दुकानाकडे मान वळवली नव्हती, तो भर दुपारी ॲप्रन घालून दुकानात गेला आणि सीलबंद बाटल्या घेऊन आला. हातभट्टीवर भरवसा नव्हता, तीत काय असेल कोण जाणे. ज्यांची अवस्था सगळ्यात वाईट होती त्यांना बाटलीसकट जीपमध्ये घालून डॉक्टर स्वतः नांदेडला निघाले. पिणाऱ्यांचे डोळे तपासले होते, ठीक होते, त्यांना घरी जायला सांगितलं. जाताना मला म्हणाले, “सिस्टर, माप चुकवू नका. गिरणी रिकामी राहता कामा नये.”

मी साखरपाण्यात दारू मिसळून औषधाच्या ग्लासनं वॉर्डभर वाटत फिरले. ज्यांनी आयुष्यात चव घेतली नव्हती अशी म्हातारी माणसं नाक दाबून पीत होती. थोड्या वेळानं वॉर्ड बोलायला लागला. एक बाई हसायला लागली ती थांबेचना. एक रिटायर्ड गुरुजी होते, ते उठून बसले आणि समोर नसलेल्या पोरांना पाढे शिकवायला लागले. मध्येच थांबून म्हणाले, “अरे, सगळे पांढऱ्यात कामून बसलाव? उजेडात या.” नातेवाईक हसले. मी हसले नाही, कारण गुरुजी थेट माझ्याकडे बघून बोलत होते आणि मी त्यांना दिसत नव्हते.

मावशीनं तोंड मिटून घेतलं होतं.

“मावशी, औषध आहे हे.”

“औषध म्हणूनच समदे सुरू करतेत, पोरी. हे बी पाठीचं औषधच पितेत.”

“डोळे जातील. जीवही जाईल.”

“या हातानं मडकी फोडली म्या. लोकं काय म्हणतील ते सोड. म्या मला काय म्हणू?”

माझ्या वडिलांनीही तेच शील जन्मभर पाळलं होतं, आणि त्यांनी माझ्या हातून तो ग्लास घेतला असता का, हे मला आजही सांगता येणार नाही. नाकातून नळी घालून जबरदस्तीनं देता आलं असतं. मी नळी काढूनही ठेवली होती. तेवढ्यात बाजेच्या पायथ्याशी बसलेला कोंडिबामामा बोलला. तो घरी गेलाच नव्हता.

“गये, तू घे. मी सोडतो.”

मावशीनं आवाजाच्या दिशेला तोंड फिरवलं. “कवा?”

“आत्ता.”

“घ्या मग शील. समद्यांम्होरं.”

त्यानं खिशातली बाटली माझ्या हातात दिली. मी ती मोरीत ओतली. मावशीनं निजल्या निजल्या एकेक शील म्हटलं आणि त्यानं तिच्यामागून म्हटलं, पाचवंसुद्धा. वॉर्डातल्या दारू चढलेल्या, डोळे गेलेल्या माणसांनी, विहारात म्हणतात तसं, एका सुरात ‘साधू, साधू, साधू’ म्हटलं. मग मावशीनं तोंड उघडलं. मी डोळे पुसत पुसत तिला पाजलं. आपल्या नोकरीत याहून चांगलं काही घडायचं नाही, असंच मला त्या दुपारी वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा श्वास निवला. “तुझ्या टोपीची कड दिसून राहिली,” असं ती म्हणाली तेव्हा मी वॉर्डभर ओरडून सांगितलं. कोंडिबामामा तिच्या उशाशी बसून होता. त्याला घाम येत होता, हात थरथरत होते. सुटताना असं होतंच, अनेकांचं पाहिलेलं. मी त्याला लिंबूपाणी दिलं आणि पाठीवर थाप मारली.

ऊन चढल्यावर तो व्हरांड्यात जाऊन बसला. मी औषधाचा ट्रे घेऊन जात होते तेव्हा त्यानं हाक मारली.

“सिस्टर, आभाळ आलं वाटतं.”

दुष्काळात हा शब्द ऐकला की माणूस हातातलं टाकतो. नातेवाईक अंगणात पळाले, शिपाई पळाला, मीही ट्रे ठेवून पायऱ्या उतरले. आम्ही सगळे वर बघत होतो. निळं, कोरडं आभाळ आणि डोळ्यांत घुसणारं ऊन. ढगाचा एक ठिपकासुद्धा नव्हता. मागं वळून पाहिलं तर कोंडिबामामा एकटाच बसून राहिला होता, चेहरा उन्हाकडे करून, हसत. “पांढरं पांढरं झालं की समदं,” तो म्हणाला. “आता पडंल.”

मी त्याच्या डोळ्यांसमोर बोटं धरली. त्यानं ती पाहिली नाहीत.

नांदेडहून जीप परत आली ती नेमकी तेव्हा. डॉक्टरांना सांगावं लागलं नाही. ते आमच्याकडे एकदा बघून पायरीवरच बसले. “दारू बंद केली यानं?” त्यांनी विचारलं. मी होकाराची मान डोलवली. “दुसरं रांगेत उभंच होतं, सिस्टर. गिरणी रिकामी झाली.” पिणाऱ्या माणसाला ‘अजून दोन दिवस पीत राहा’ असं सांगायला हवं होतं, हे त्यांनाही सुचलं नव्हतं आणि मलाही. कुणाला सुचणार?

उरलेल्या पिणाऱ्यांना शोधायला लगेच माणूस धाडला. ते पीतच होते आणि धडधाकट होते.

मी ग्लास भरून आणला. कोंडिबामामानं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

“न्हाई घेणार.”

“मामा, घ्या. तुमच्या अंगात विष व्हायला लागलंय.”

“कालच शील घेतलंय. आता मोडू?”

आवाज ऐकून मावशी भिंत धरत बाहेर आली होती. तिला अंधुक दिसत होतं, कडा तेवढ्या. तिनं चाचपत माझ्या हातातला ग्लास घेतला, त्याच्याजवळ बसली आणि त्याची हनुवटी धरली.

“घ्या.”

“तूच दिलंस की गये, समद्यांम्होरं.”

“म्या दिलं, अन् म्याच म्हणते, घ्या.”

त्यानं तोंड उघडलं नाही. मग ती ज्या आवाजात त्याला लिंबाखाली पाठवायची त्याच आवाजात म्हणाली, “मला एकटीला ठिवून चाललाव का?” तेव्हा तो प्याला. त्यानंतरचा प्रत्येक ग्लास मावशीनंच पाजला. माप मी द्यायची, ती ओतायची, ज्या हातांनी मडकी फोडली त्याच हातांनी.

नांदेडला नेलेल्यांपैकी काही जण परत आले नाहीत. गुरुजींना अर्धी दृष्टी आली. मावशीचे डोळे जवळजवळ पूर्ववत झाले. कोंडिबामामाचा जीव राहिला, डोळे राहिले नाहीत. टँकरवाल्याचं पुढं काय झालं ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. टँकर मात्र पुन्हा रस्त्यावर दिसला, नवा रंग लावून.

माझी नांदेडला बदली झाली. जाण्याआधी मी वस्तीत गेले. लिंबाखालची बाज आता घरात होती. कोंडिबामामानं त्या दवाखान्यातल्या औषधानंतर थेंब घेतला नव्हता, आणि पुढंही मरेपर्यंत घेतला नाही.

“अंधार पडला असंल ना मामा, डोळ्यांपुढं?” मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

“न्हाई सिस्टर. पांढरंच हाय. दिवस-रात पांढरंच. अंधार असता तर झोप तरी लागली असती.”

मावशी मला निरोप द्यायला दारापर्यंत आली तेव्हा हळूच म्हणाली, “माझं शील मोडलं, डोळे राहिले. त्यांनी धरलं, त्यांचे गेले. टँकर बी म्याच आणला. पोरी, रागवायचं तरी कुणावर, सांग.” मी तिचा हात धरला.

आतून त्यानं पाणी मागितलं. ती परत गेली, माठातून तांब्या भरला, आणि त्याला देण्याआधी स्वतः एक घोट घेतला. गिळला, आणि थांबली. तो हात पुढं करून वाट बघत होता. हे त्यांचं रोजचंच असावं, कारण दोघांपैकी कुणालाच त्यात वेगळं काही वाटत नव्हतं.

“काय हाय?” त्यानं विचारलं.

“पाणीच हाय,” ती म्हणाली, आणि तांब्या त्याच्या हातात दिला.